मामांच्या डायरीतून

२ जुलै

प्रिय मामी,

आईने तुला सांगितलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. कालपासून मी हायस्कूलची मुख्याध्यापिका. दारावर पाटीही लागली. पाटीच्या खालून आधीच्या सरांचं नाव अजून दिसतंय, रंगाचा एकच हात दिलाय.

एक वर्षाची मुदत आहे. वर्ष संपलं की संस्थेचे अध्यक्ष ठरवणार, मला ठेवायचं की परत इतिहास शिकवायला धाडायचं. फोन केला असता, पण माझ्या केबिनची भिंत प्लायवूडची आहे. मी इकडे शिंकले की तिकडे स्टाफरूममध्ये सुंठ-खडीसाखर निघते. आणि तू फोनवर नुसतं 'हं हं' करतेस, ऐकू आलं की नाही देव जाणे.

मामी, मला भीती वाटते. नऊशे मुलं, पस्तीस शिक्षक. त्यातले अर्धे माझ्याहून मोठे. सगळ्यात ज्येष्ठ ते गणिताचे. मुलं त्यांना घनमूळ म्हणतात. ते रोज वीस मिनिटं उशिरा येतात आणि माझ्याकडे असं बघतात की मीच उशिरा आले.

मामा बावीस वर्षं मुख्याध्यापक होते. तुमच्याकडे राहून त्यांच्या शाळेत शिकले ती तीन वर्षं मला अजून आठवतात. ते व्हरांड्यात आले की वर्ग आपोआप गप्प व्हायचे. कसं जमायचं त्यांना? रोज सकाळी चहा घेताना ते एका काळ्या वहीत काहीतरी लिहायचे. ती डायरी आहे का अजून? पाठव ना. अध्यक्षसुद्धा ऊठसूट त्यांचं नाव काढतात. "त्यांची भाची म्हणूनच तुम्हाला घेतलं" असं तोंडावर म्हणाले.

तुझी,
मुख्याध्यापिका (लिहून बघितलं, अजून आपलं वाटत नाही)


७ जुलै

भुणभुणे,

लहानपणी स्वयंपाकघरात माझा पदर धरून 'हे असं का, ते तसं का' करत भुणभुणायचीस. आता नऊशे पोरं तुझ्या कानाशी भुणभुणणार. केलेलं फिटतं ते असं.

सुंठेचं सांगतेस, तर प्लायवूडच्या भिंतीचा उपयोग करून घे. ज्याची स्तुती करायची ती केबिनमध्ये बसून मोठ्याने कर. तोंडावर केलेली स्तुती माणूस झटकतो. भिंतीपलीकडून ऐकलेली आठवडाभर उराशी घेऊन हिंडतो.

डायरीचं म्हणशील तर आहे. पाठवणार मात्र नाही. पोस्टात हरवली तर चार वर्षांपूर्वी गेलेला माणूस पुन्हा कुठून लिहून देणार? शिवाय साहेबांचं अक्षर तुला लागायचं नाही. शाईत पडलेली मुंगी जीव घेऊन पळावी तसं. मला सवय आहे. मी सातवी पास असले तरी नवऱ्याचं अक्षर लावायला पदवी लागत नाही. मीच थोडं थोडं उतरवून पाठवते. घे.

"शिक्षक उशिरा आला तर घड्याळ दाखवू नये. त्याला स्वतःचं घड्याळ आहे. आपण त्याच्या वर्गावर जाऊन शिकवायला लागावं."

"मुलाला ऑफिसात बोलावलं तर आधी बसवावं. उभं मूल खोटं बोलतं."

"शाळेचे संडास मुख्याध्यापकाने रोज स्वतः बघावेत. मुलं रडायला तिथेच जातात."

तिसरं वाचून नाक मुरडलंस ना? दिसलं मला.

मामी


१२ ऑगस्ट

मामी, मामी, मामी,

काय माणूस होते गं मामा!

घनमूळ सरांचं ऐक. सोमवारी ते आले नव्हते, मी सरळ नववीच्या वर्गात शिरले आणि फळ्यावर अपूर्णांक मांडला. माझं गणित तुला माहीतच आहे. तिसऱ्या पायरीलाच छेद कुठे गेला ते मला कळेना. वर्ग खुसखुसायला लागला. मागे बघते तर दारात घनमूळ सर! चेहरा असा, जणू कुणी त्यांच्या आईचा फोटो उलटा टांगलाय. म्हणाले, "मॅडम, खडू द्या. कृपा करून खडू द्या." त्या दिवसापासून घंटेच्या आधी पाच मिनिटं हजर. मला धाक आहे म्हणून नव्हे, मी पुन्हा गणित शिकवीन म्हणून.

संडासांचंही खरं निघालं. मुलींच्या बाजूला कडीच नव्हती. दोन वर्षांपासून. मुली दिवसभर पाणी पीत नव्हत्या म्हणून, मामी! दहावीतली एक मुलगी नळाशी रडत होती. तिला केबिनमध्ये आणून बसवलं आणि मग विचारलं. सगळं बोलली. कड्या त्याच दिवशी लागल्या.

मी ती तीन वाक्यं मोठ्या अक्षरात टाईप करून स्टाफरूममध्ये लावलीत. वर मथळा: मामांच्या डायरीतून. सगळे वाचतात. अध्यक्ष परवा आले होते, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. अजून पाठव. आणि पूर्ण डायरी दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवू नकोस, तिथे ओल येते.

तुझी भाची


१८ ऑगस्ट

भुणभुणे,

भिंतीवर कशाला लावलंस ते? घरातलं बोलणं चव्हाट्यावर टांगतं का कुणी? काढून टाक. साहेबांना असलं आवडलं नसतं. ते फोटो काढतानासुद्धा कुणाच्या तरी मागे उभे राहायचे.

घनमूळ सरांचं वाचून मात्र इतकी हसले की शेजारीण भांडं घेऊन विचारायला आली, काय झालं म्हणून. तिला सांगितलं, भाचीला गणित येत नाही म्हणून हसतेय. ती बिचारी म्हणाली, त्यात हसण्यासारखं काय.

कड्या लावल्यास ते फार बरं केलंस.

आता मागतेच आहेस तर दोन घे, पण भिंतीसाठी नाही, तुझ्यासाठी.

"शिक्षकांची सभा भरल्या पोटी घ्यावी. उपाशी माणूस ठराव करत नाही, भांडण उकरतो."

"दूध तापत ठेवून दुसरीकडे बघू नये. वर्गाचंही तेच. उतू जायच्या आधी कडेने आवाज येतो, तो ऐकावा."

कपाटाला ओल नाही. डायरी गादीखाली आहे. म्हणजे सुरक्षित आहे.

मामी


२० सप्टेंबर

प्रिय मामी,

सभा भरल्या पोटी घेतली. पहिल्यांदाच कुणी कुणाचा बाप काढला नाही.

पण एक विचारते. मामा दुधाबद्दल कधीपासून लिहायला लागले? त्यांना चहात दूध कुठून येतं हेही माहीत नव्हतं. घनमूळ सर तो कागद वाचून म्हणाले, "मॅडम, तुमचे मामा मुख्याध्यापक होते की गृहिणी?" मी रागावले. (हो, दुसरा कागदही लावला. तुला न विचारता. रागाव.)

तिमाही परीक्षेचे गठ्ठे समोर आहेत. दहावी अ ठीक. दहावी ब चा गठ्ठा दोनदा उघडून पुन्हा बांधून ठेवला. एक मुलगा आहे, त्याला काहीही विचारा, म्हणतो "असेल." उत्तर सात आहे का? असेल. नऊ आहे का? असेल. नळाशी रडणारी ती मुलगी तोंडी सगळं घडाघडा सांगते, पण कोरा कागद समोर आला की थिजते. अशी बरीच आहेत.

अध्यक्षांनी पुढच्या आठवड्यात बोलावलंय. काहीतरी शिजतंय. कडेने आवाज येतोय, मामांच्या भाषेत.

तुझी भाची


६ ऑक्टोबर

मामी,

आता चेष्टा नको, सरळ उत्तर दे.

अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला. दहावी ब मधली अकरा नावं. म्हणाले, या मुलांचे फॉर्म शाळेकडून भरायचे नाहीत. पालकांना बोलावून दाखले हातात द्यायचे आणि सांगायचं, बाहेरून बसवा. म्हणजे ती नापास झाली तरी शाळेच्या खात्यावर नाहीत. शाळेचा निकाल शंभर टक्के, पेपरात फोटो.

मी विचारलं, बाहेरून किती जण बसतात खरोखर? ते म्हणाले, तो त्यांचा प्रश्न.

मी सांगते किती बसतात. गेल्या वर्षी तेरा जणांना असे दाखले दिले होते. मी त्यांतल्या नऊ जणांच्या घरी जाऊन आले. एक बसली होती. बाकीचे कुणी दुकानात, कुणी गोदामात, दोघींची लग्नं ठरलेली.

यादीवर माझी सही लागते. फॉर्म भरायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. सही केली तर 'असेल' गेला, ती मुलगी गेली. नाही केली तर माझं वर्ष इथेच संपलं असं समज.

मामांपुढेही हे आलंच असेल. बावीस वर्षांत कुणीतरी असा कागद सरकवलाच असेल. त्यांनी काय लिहिलंय याबद्दल? शोध आणि जसंच्या तसं उतरवून पाठव.

तुझी


११ ऑक्टोबर

भुणभुणे,

पत्र मिळालं. शोधतेय. वही जाड आहे, पानं चिकटलीत. इकडे हवा बदललीय, खोकला झाला होता, आता बरा आहे. शेजारणीने नवा मिक्सर आणला, चालू केला की आमचे दिवे बारीक होतात.

तुझं डोकं तुझ्या खांद्यावर आहे ना? मग ते वापर की. मेलेल्या माणसाला कशाला कामाला लावतेस.

मामी


१६ ऑक्टोबर

मामी,

मिक्सर? मी तुला काय विचारतेय आणि तू मिक्सर?

आज काय झालं ते ऐक. मी अध्यक्षांना सांगितलं, माझे मामा असं कधी करणार नाहीत. ते हसले. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बाई, मी तुमच्या मामांकडूनच हे शिकलो. ही पद्धत त्यांचीच." भर ऑफिसात, मामी. प्लायवूडच्या अलीकडे मी, पलीकडे सगळी स्टाफरूम भिंतीला कान लावून.

मी म्हणाले, खोटं आहे. त्यांची डायरी माझ्या मामीकडे आहे. त्यात तसं असेल तर आत्ता सही करते. नसेल तर अकराही मुलं बसतील. ते म्हणाले, "कबूल. आणा डायरी. पंचवीस तारखेपर्यंत."

आता सगळं तुझ्या गादीखाली आहे. येऊन घेऊन गेले असते, पण सहामाही चालू आहे, हलता येत नाही. उद्याच्या उद्या रजिस्टर पोस्टाने पाठव. चिकटलेल्या पानांसकट.

तुझी


१९ ऑक्टोबर

बाळ,

दोन दिवस पाटी-पेन्सिल घेऊन बसल्यासारखी बसलेय. काल दुपारी बाजारातून एक काळी वही आणली. खरं सांगते. वाटलं, साहेबांच्या अक्षरात एक पान लिहून काढावं, 'अशा यादीवर सही करणं म्हणजे पाप' वगैरे. त्यांचं अक्षर मला हुबेहूब येतं, बँकेत दोनदा चाललंय. अर्धं पान लिहिलंसुद्धा. मग तुझ्या अध्यक्षाचं तोंड डोळ्यांपुढे आलं. तो साहेबांना ओळखतो. एका फुंकरीत उडवील आणि सोबत तुलाही.

डायरी नाही. म्हणजे काळी वही होती, पण तिच्यात दोनच गोष्टी असायच्या. आज कोण रजेवर, आणि आज पोट साफ झालं का. बावीस वर्षं. ते गेल्यावर मी ती बंबात घातली. कुणाच्या हाती लागून हसं होऊ नये म्हणून.

भिंतीवर लावलंस ते माझं आहे. दूध, संडास, उभं मूल, सगळं. शाळेच्या आवारातलं आपलं घर आठवतं ना? स्वयंपाकघराची खिडकी थेट मागच्या व्हरांड्यावर. शाळेला दिसत नाही ते मला दिसायचं. बावीस वर्षं मी तिथे भांडी घासत मनातल्या मनात मुख्याध्यापक होते. तू विचारलंस, मला चेव चढला. वाटलं, माझं म्हणून सांगितलं तर तू हसशील, त्यांचं म्हणून सांगितलं तर करशील. केलंसही. मजा वाटली मला. मग ते भिंतीवर गेलं आणि मजा अंगाशी आली.

आता पुढचं. हे बसून वाच.

अध्यक्ष खरं बोलतोय. साहेब दरवर्षी यादी करायचे. जेवणाच्या टेबलावर, शिसपेन्सिलीने. दुसऱ्या दिवशी क्लार्क ती टाईप करायचा आणि साहेब सही करायचे. माणूस वाईट नव्हता गं. शाळेला नवी इमारत हवी होती, इमारतीला मोठा निकाल हवा होता. म्हणायचे, नऊ जणांसाठी नव्वदांना पत्र्याखाली बसवू का? मी त्यांच्या यादीशेजारी पाण्याचा पेला ठेवायचे. कागदावर ओला डाग पडू नये म्हणून खाली बशी ठेवायचे. एवढंच करायचे मी.

तू दहावीत होतीस त्या वर्षी चाचणीत गणितात पंचेचाळीसच्या खालचे सगळे काढले. नऊ नावं. नववं तुझं होतं.

तुझ्या मामांच्या अक्षरात, तुझं पूर्ण नाव. सख्खी भाची आहे म्हणून त्यांनी सोडलं नाही, उलट त्याचा त्यांना अभिमान होता. ते आंघोळीला गेले. मी तुझ्याच दप्तरातलं खोडरबर घेतलं आणि नववं नाव पुसलं. वर 'एकूण नऊ' होतं, त्याचं 'आठ' केलं. क्लार्कने आठ टाईप केले, साहेबांनी न वाचता सही केली. फॉर्म गेल्यावर त्यांना कळलं. तीन दिवस जेवताना मीठ मागितलं नाही. चौथ्या दिवसापासून तुला रोज संध्याकाळी गणिताला बसवायला लागले.

तू गणितात एकोणचाळीस मार्क घेऊन पास झालीस. आणि आज मुख्याध्यापिका आहेस.

वर अजून आठ नावं होती. खोडरबर माझ्या हातात होतं. आठही पुसता आली असती. पण मला तेव्हा आठ दिसलेच नाहीत, एकच दिसलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, साहेबांनाही नाही.

आता तुला काय करायचं ते तू कर. माझ्याकडे नियम नाही.

मामी


२४ नोव्हेंबर

मामी,

महिना झाला. तीनदा पत्र लिहायला घेतलं, तीनदा फाडलं. मला तुझा राग आला होता. अजून आहे.

पहिला राग डायरीचा नाही. पहिला राग त्या संध्याकाळच्या गणिताचा. मी सगळ्यांना सांगत आलेय, मामांचं माझ्यावर किती प्रेम, दमून आल्यावरही तासभर शिकवायचे. ते निकाल सांभाळत होते का गं? मी त्यांच्या शंभर टक्क्यांतलं भोक होते का?

बरं, काय झालं ते सांगते, नाहीतर तू खिडकीत ताटकळशील.

पंचवीस तारखेला अध्यक्ष आले. सोबत संस्थेचे आणखी दोघे. "आणलीत डायरी?" मी म्हणाले, डायरी नाही. मामी आहे. त्यांना कळेना. मग सगळं सांगितलं. मुद्दाम मोठ्याने, प्लायवूडपलीकडे जाईल असं. तुम्ही म्हणता ते खरं, यादी मामांचीच पद्धत. त्या यादीत नववं नाव माझं होतं आणि ते खोडरबरने पुसलं म्हणून तुमच्यासमोर ही बाई या खुर्चीत बसलीय. आता बोला, या अकरांत कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे का? मला नाही माहीत. म्हणून मी सही करत नाही.

अध्यक्षांनी पेपरवेट उचलून अकरा नावांच्या कागदावर ठेवला. मग म्हणाले, शब्द तुम्ही दिला होता, डायरीत असेल तर सही करीन. मी म्हणाले, शब्द मोडते. तेव्हा त्यांनी दुसरा कागद काढला. निकाल पंच्याण्णवच्या खाली गेला तर जूनमध्ये मी आपणहून राजीनामा देते, असा. त्याच्यावर केली सही.

अकराही फॉर्म गेले.

हिशेब तूच कर, मला येत नाही. घनमूळ सरांनी करून दिला. अकरांतले सहा पास झाले तरच मी राहते. सर म्हणाले, "चार होतील. पाचवा ओढाताणीने." मग घसा खाकरला. "सकाळी सातला वर्ग उघडा ठेवा. पण तुम्ही शिकवायचं नाही. ही अट आहे." 'असेल'ला विचारलं, येशील का सातला? काय म्हणाला असेल सांग.

स्टाफरूमच्या भिंतीवरचे कागद काढायला गेले, तर मथळा कुणीतरी लाल शाईने खोडलेला. खाली सरांच्या अक्षरात: 'मूळ लेखिका: मामी, सातवी पास. मजकूर बरोबर. शुद्धलेखन तपासले.' राहू दिलेत.

पण मला चैन नाही, मामी. वर्गात हजेरी घेते आणि नावं मोजते. तुला आठवत असतील, ते आठ जण. कुठे आहेत ते? तुला माहीत आहे ना? तू नेहमी सगळ्यांची खबर ठेवतेस. मला सांग.

तुझी


३ डिसेंबर

बाळ,

संध्याकाळच्या गणिताचं विचारलंस. मला ठाऊक नाही. तीस वर्षं त्या माणसासोबत संसार केला, पण ते मलाही सांगता येणार नाही. एकदा तू उदाहरण सोडवलंस तेव्हा ते उठून मोरीत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. ते कशासाठी, मी विचारलं नाही. तू तुझ्या सोयीने धर.

आठांचं. खबर ठेवते हे खरं, पण ही ठेवायची टाळली. तीनच नावं आठवतात. एक जण दूरच्या गावी ट्रक चालवायचा असं ऐकलं होतं, पुढे काही कळलं नाही. एक वारला. तिसरी आमच्याच रस्त्यावर आहे. टोकाला, चपलांच्या दुकानाशेजारी शिवणकाम करते. सहा वर्षं झाली, माझे कपडे तीच शिवते. पहिल्याच दिवशी मी तिला ओळखलं होतं. ओळख दिली नाही.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या. परवा सकाळी गेले. दोन मशिनी, मधे जेमतेम उभं राहायला जागा. ती दोऱ्याचं टोक चावत होती.

"काय शिवायचं, काकू?"

"शिवायचं नाही गं. सांगायचंय."

"मग दोन्ही करा. उभंच राहायचंय ना." आणि ओठांत टाचण्या धरून, गळ्यात टेप घालून आली.

म्हणून सांगितलं. तशीच उभी राहून. शाळा, टेबल, पेन्सिलीची यादी, खोडरबर. तुझं नाव पाचवं होतं, म्हटलं. नववं मी पुसलं, माझी भाची होती म्हणून. तुझं नाही पुसलं.

तिने ओठांतल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या गादीवर खोचल्या. घाई नाही. दुसऱ्या मशिनीवरची बाई थांबली होती, तिला म्हणाली, "तू चालू ठेव, तो काठ आज जायचाय." मग माझ्याकडे वळली.

"हात वर करा काकू. छाती घेते."

मी दोन्ही हात वर केले. वर्गात शिक्षा झालेल्या पोरीसारखे. तिने टेप लावला, आकडा वहीत लिहिला, कंबर घेतली, तोही लिहिला. पाठीमागे गेली. तिथूनच विचारलं,

"पास झाली का तुमची भाची?"

"झाली. गणितात एकोणचाळीस पडले."

तिने खांद्यावर टेप ताणला.

"मला चाचणीत एक्केचाळीस होते," ती म्हणाली.

मग बाहीचं माप घेतलं. सगळी मापं झाली, ती मशिनीवर जाऊन बसली, पाय हलायला लागले. मी हात खाली घ्यावेत की नाही ते मला कळत नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं.

मामी